कापसाच्या खरेदीला सतरा चाळण्या, विजेच्या खरेदीला एकही नाही



सरकार खरेदीला उतरले की कसे वागते, हे कापूसवाल्याला दुसऱ्या कोणी सांगायला नको. 1972 पासून जवळजवळ तीस वर्षे या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. थोडेफार अपवाद सोडले तर कापूस सरकारलाच घालायचा. व्यापाऱ्याला विकला तर गुन्हेगार आपण. केंद्रावर दोन दोन दिवस गाड्यांची रांग. ग्रेडर यायचा, गाडीत हात घालायचा, ओल आहे म्हणायचा, पिवळा आहे म्हणायचा, कवडी आहे म्हणायचा आणि एक ग्रेड खाली उतरवायचा. मग काटा, मग कपात, आणि चुकारा केव्हा? पैसे येतील तेव्हा! जनतेच्या पैशाची उधळण होऊ नये म्हणून एवढी काळजी घ्यावी लागते, असे आम्हाला तोंड वर करून सांगितले जायचे.

बरे, काळजी घेणारेच सरकार असेल तर आमची तक्रार नाही. पण हेच सरकार, याच काळात, दुसरी एक खरेदी करत होते. तिथे ग्रेडर नव्हता, काटा नव्हता, ओल पाहणारा कोणी नव्हता. ती खरेदी म्हणजे एन्रॉनची वीज.

नव्या पोरांना हे नाव ऐकूनही माहीत नसेल, म्हणून सविस्तर सांगतो. जून 1992 मध्ये या अमेरिकन कंपनीची माणसे आली आणि त्याच महिन्याच्या 20 तारखेला वीज मंडळाने त्यांच्याशी सामंजस्य करार करून टाकला. निविदा नाही, दुसऱ्या कोणाचा भाव विचारला नाही. बैलबाजारात गेलेला अडाणीसुद्धा चार दावणी फिरून मग जोडी घेतो! एप्रिल 1993 मध्ये जागतिक बँकेने कळवले की हा प्रकल्प फार मोठा आहे, परवडणारा नाही, आम्ही कर्ज देणार नाही. एरवी या बँकेचा शब्द दिल्ली-मुंबईला वेदवाक्य असतो. हा मात्र ऐकू आला नाही. डिसेंबर 1993 मध्ये गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पाची वीज वीस वर्षे घेण्याचा करार झाला.

त्या कराराची गोम अशी. वीज घ्या किंवा घेऊ नका, यंत्रे तयार उभी आहेत म्हणून त्यांचा स्थिर आकार भरायचाच. दराचा मोठा भाग डॉलरला बांधलेला. 1993 साली डॉलरला 31 रुपयांच्या आसपास पडत होते, 2001 मध्ये 46 च्या वर गेले. इंधनाचा भाव वाढला तर तोही खरेदीदाराच्या माथी. मंडळाने पैसे चुकवले तर राज्य सरकारची हमी, राज्याने चुकवले तर केंद्राची प्रतिहमी. आता डोळ्यांसमोर आणा: आपण पऱ्हाटी लावली, पाऊस आला नाही, बोंड धरले नाही, तरी सरकार वावर तयार ठेवल्याचे भाडे देणार, तेही डॉलरच्या भावाने! असे कोणी मागितले असते तर त्याला वेड्यात काढले असते. कंपनीने मागितले, तिला मिळाले.

कोणत्या पक्षाने केले, हा वाद आम्ही घालत नाही, कारण त्यात सगळेच आहेत. काँग्रेसच्या सरकारने करार केला. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू म्हणणारे युतीचे सरकार 1995 साली आले, ऑगस्टमध्ये त्यांनी प्रकल्प रद्द केला आणि 1996 च्या जानेवारीत पहिल्यापेक्षा मोठा करून परत घेतला. मे 1996 मध्ये दिल्लीत तेरा दिवस टिकलेल्या सरकारला दुसरे काही सुचले नाही, पण जाता जाता या प्रतिहमीला मंजुरी द्यायला वेळ मिळाला.

मे 1999 मध्ये वीज सुरू झाली. बोलणी चालू असताना युनिटला दोन रुपयांच्या आत पडेल असे सांगितले होते; 2000 सालात काही महिने ती सात रुपयांच्या वर पडली. महागडी वीज घ्यावी लागते म्हणून मंडळाने आपली स्वतःची स्वस्त वीज कमी केली. 2001 च्या सुरुवातीला बिल थकले, कंपनी प्रतिहमी घेऊन दिल्लीच्या दारात उभी राहिली. मे 2001 मध्ये मंडळाने वीज घेणे बंद केले आणि डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचेच दिवाळे वाजले. माधव गोडबोले समितीने एप्रिल 2001 मध्येच अहवाल देऊन एकामागून एक आलेल्या सरकारांनी आणि यंत्रणांनी कशी कच खाल्ली ते लिहून ठेवले होते. शिक्षा कोणाला झाली? 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फार काळ लोटला म्हणून प्रकरण बंद केले. वसुलीला मात्र काळ लोटत नाही. तीच यंत्रे नव्या सरकारी कंपनीकडे गेली, पुढे वीज न घेताही स्थिर आकार द्यायचा की नाही यावर वर्षानुवर्षे खटला चालला, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये महावितरण तो हरले.

कोणी म्हणेल, कुठले चारठाणे आणि कुठले गुहागर? आमची कोरडवाहू ज्वारी, विहिरीला पाणी नाही, पंपच नाही, आम्हाला या भानगडीशी काय करायचे? येलदरीच्या धरणावर साडेसात मेगावॅटचे तीन संच आपल्या तालुक्यात उभे आहेत, त्यांच्या विजेचा तरी आम्हाला काय उपयोग झाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की तुमच्याकडे पंप नसला तरी तुमचे नाव पुस्तकात आहे.

वीज मंडळ वर्षानुवर्षे सांगत होते की आमची गळती पंधरा-अठरा टक्के. 1999 साली वीज नियामक आयोग बसला, हिशेब उघड्यावर मांडावा लागला, तेव्हा गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली. मधली वीज इतकी वर्षे कुठे दाखवली होती? शेतीपंपांच्या खात्यावर! लाखो पंपांना मीटर नाही, हॉर्सपॉवरवर बिल. मीटरवर मोजलेली वीज वजा केली की जे उरते त्यात शेतीचा वापर किती आणि चोरी-गळती किती, हे कारकुनाच्या पेनाने ठरते. पेन शेतीकडे झुकवले की दोन फायदे: गळती कमी दिसते आणि अनुदान जास्त मागता येते. आणि शहरातला माणूस वर्तमानपत्र वाचून म्हणतो, शेतकरी फुकटात वीज खातो. रात्री दोन वाजता विंचवा-सापातून पंप सुरू करायला जाणाऱ्याला हे ऐकावे लागते.

2003 च्या वीज कायद्याचे कलम 55 सांगते की दोन वर्षांनंतर मीटरशिवाय वीज द्यायचीच नाही. ती दोन वर्षे 2005 मध्ये संपली. आता तर एप्रिल 2024 पासून पाच वर्षे साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतचे बिल माफ आहे, आणि त्यापोटी वर्षाला 14,760 कोटींचा भार सरकारनेच जाहीर केला. हे पैसे शेतकऱ्याच्या हातात येत नाहीत, कंपनीच्या खात्यात जातात. माफी आहे मग बोंबलता कशाला, असे आपलेच काही भाऊ विचारतात. अहो, 2004 च्या निवडणुकीआधी मोफत वीज दिली होती आणि 2005 मध्ये काढून घेतली, विसरलात काय? फुकटाचे दान मागायला आम्ही कधीच गेलो नाही. आमच्या नावाने किती वीज लिहिली जाते, ती कोणाकडून, काय भावाने घेतली जाते, हे आम्हाला पाहायचे आहे.

आणि पाहिले की फरक पडतो. सौर कृषी वाहिनीची वीज बोली लावून घेतली, तर युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळाली. कंपनीवाले काही दयाळू झाले नव्हते, शेजारी दुसरा बोली लावत होता एवढेच.

आयोग आहे म्हणून डोळे मिटून बसावे, असे नाही. कलम 86 प्रमाणे वीजखरेदीचे करार आणि भाव तपासणे आयोगाचे कामच आहे, आणि कलम 64 प्रमाणे दर ठरण्याआधी कोणालाही हरकत घेता येते. पण कारखानदार वकील घेऊन सुनावणीला जातो आणि आपण त्या दिवशी वेचणीला असतो.

म्हणून चारठाण्याच्या बैठकीत पुढील गोष्टी ठरवायच्या आहेत. प्रत्येक गावाने आपल्या शेती फिडरवरचे महिन्याचे रीडिंग लेखी मागावे आणि ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावे. गावातले किती पंप चालू, किती बंद, कागदावर किती हॉर्सपॉवर आणि विहिरीवर किती, याची यादी दोन पोरांनी आठ दिवसांत करावी. बुजलेल्या विहिरी आणि आटलेली बोअर वेगळी लिहावीत. वीजखरेदीचे करार मराठीत मिळावेत असा ठराव ग्रामसभेत घ्यावा. पुढच्या दरवाढीची नोटीस निघेल तेव्हा जिंतूर तालुक्याच्या हरकती या याद्या जोडून जातील. ज्यांच्याकडे पंप नाही त्यांनीही सही करायची आहे. येताना गेल्या वर्षीची बिले घेऊन यावे, माफीची शून्य रकमेची असली तरी. युनिटचा आकडा त्यांच्यावरच छापलेला असतो.