बोलकी बाजू ओठांकडे!

बालदोस्तांनो, पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर माइकवाला सगळ्यात आधी काय करतो? "हॅलो, हॅलो... माइक टेस्टिंग... वन, टू, थ्री!" तरी एखादे पाहुणे माइकपासून हातभर लांब उभे राहून बोलतात आणि मागच्या रांगेत चुळबुळ सुरू होते. तिथं फार तर भाषण बुडतं. पण विमानात असं झालं तर?

नकाशावर मुंबई आणि नागपूर ही शहरं पट्टीनं जोडा. रेघ आपल्या बुलडाणा जिल्ह्यातून, चिखली-मेहकरच्या आसपासून जाते. त्या आकाशातला वैमानिक जमिनीवरच्या नियंत्रकाशी बोलतो तो हेडसेटच्या माइकमधून. छोट्या विमानात इंजिनाची घरघर ९० डेसिबलच्याही वर जाते. मग त्यात त्याचा आवाज ऐकू कसा येतो?

गंमत अशी, की या माइकला पुढून आणि मागून, दोन्हीकडून भोकं असतात. आत एक पातळ पडदा असतो. इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच येतो. एकच दार दोघांनी दोन्हीकडून सारख्याच जोरानं ढकललं तर ते हलेल का? तसाच पडदाही फारसा हलत नाही. बोलणं मात्र एकाच बाजूनं, अगदी जवळून येतं, म्हणून ते उमटतं.

म्हणूनच उड्डाणाआधी तपासणी करायची. पहिलं, माइकची बोलकी बाजू ओठांकडे हवी. बऱ्याच माइकवर तशी खूण असते. दुसरं, माइक ओठांच्या कोपऱ्याशी, जेमतेम ३ ते ६ मिलिमीटरवर हवा. अगदी समोर धरला तर श्वासाची फूफू ऐकू येते. लांब गेला तर बोलणंही घरघरीत बुडतं आणि ओरडून काही उपयोग होत नाही. तिसरं, इंटरकॉमवर बोलून स्वतःचा आवाज कानात ऐकायचा. काही माइकवर आवाज कमी-जास्त करायला बारीक स्क्रू असतो, पण तो फिरवायचा जागा नीट झाल्यावरच! शेवटी रेडिओवर विचारायचं, "ऐकू येतंय का?" उत्तर १ ते ५ आकड्यांत मिळतं. १ म्हणजे काहीच कळत नाही, ५ म्हणजे अगदी स्पष्ट.

एवढी काळजी कशाला? २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच धडकली आणि ५८३ माणसं गेली. माइक बिघडलेला नव्हता. पण दोघं एकाच वेळी बोलल्यानं रेडिओवर कर्कश आवाज झाला आणि नेमके महत्त्वाचे शब्द त्यात हरवले. अपघाताची कारणं बरीच होती. त्यातलं हे एक. बोलणं पुरेसं नसतं, ते पोचावं लागतं.

आता एक खेळ. घरात पंखा जोरात लावा. मित्राला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करा आणि वैमानिकांच्या भाषेत गावाचं स्पेलिंग सांगा: ब्राव्हो, युनिफॉर्म, लिमा, डेल्टा, हॉटेल, अल्फा, नोव्हेंबर, अल्फा. ओळखलंत ना? बुलडाणा! मित्रानं ५ पैकी किती गुण दिले?

भेटू पुढच्या आठवड्यात!