विश्लेषण : नोकरी सांभाळून शिक्षक होता येते का? मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, मग बीएड कुठे अडते?

दिवसा दुकानात, बँकेत किंवा कंपनीत नोकरी, रात्री अभ्यास; मुक्त विद्यापीठाची पदवी हातात आली की बीएड आणि मग शाळेत नोकरी. असा बेत आखणारे तरुण गावोगावी आहेत. यातील पहिला टप्पा कायद्याने पूर्ण मोकळा आहे. दुसऱ्या टप्प्यावर मात्र बहुतेकांना दार बंद दिसते, आणि ते कळेपर्यंत पदवीची तीन वर्षे खर्ची पडलेली असतात.

मुक्त विद्यापीठाची पदवी शिक्षक भरतीत चालते का?

चालते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी ही महाविद्यालयात जाऊन घेतलेल्या पदवीशी समकक्ष आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) असो की दिल्लीचे इग्नू (१९८५), अट एकच. ज्या सत्रात प्रवेश घेतला त्या सत्रासाठी त्या अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाची मान्यता हवी. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी ‘डेब आयडी’ही काढावा लागतो.

खरा प्रश्न विषयाचा आहे. नोकरी करणारे बहुतेक जण बीए निवडतात, कारण ते पुस्तकांवर होते. बीएस्सीला प्रयोगशाळा लागते आणि प्रात्यक्षिकांसाठी सुट्टी काढावी लागते. पण सहावी ते आठवीसाठी पदवीधर शिक्षक घेताना भाषा, सामाजिक शास्त्र आणि गणित-विज्ञान असे गट पाहिले जातात. बीए झालेला उमेदवार गणित-विज्ञानाच्या जागेवर दावा करू शकत नाही. पदवीला प्रवेश घेतानाच हा हिशेब मांडायला हवा.

बीएडही दूरस्थ पद्धतीने होते का?

होते, पण सगळ्यांसाठी नाही. गोंधळाचे मूळ इथेच आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) २०१४ च्या नियमांनुसार दूरस्थ बीएडला दोनच प्रकारचे उमेदवार पात्र ठरतात. एक, प्राथमिक स्तरावर सेवेत असलेले प्रशिक्षित शिक्षक. दोन, ज्यांनी एनसीटीई-मान्य शिक्षक प्रशिक्षण, उदाहरणार्थ डीएड, प्रत्यक्ष वर्गात बसून आधीच पूर्ण केले आहे असे उमेदवार. त्यावर पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात. (अभियांत्रिकी पदवीधरांना ही अट ५५ टक्क्यांची आहे, आमच्या वर्गातील कितीतरी जणांची गाडी तिथेच थांबली असती.)

म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारे डीएडधारक गुरुजी मुक्त विद्यापीठातून आधी पदवी आणि मग बीएड करून वरच्या वर्गांसाठी पात्र होऊ शकतात. पण बँकेत किंवा कंपनीत काम करणाऱ्या पदवीधराने आधी कोणतेही प्रशिक्षण घेतले नसेल, तर त्याला हा मार्ग नाही. दूरस्थ बीएडची रचना आधीच फळ्यासमोर उभे असलेल्यांसाठी झाली आहे, बाहेरच्या माणसाला आत आणण्यासाठी नाही. माहितीपत्रकात ही ओळ असते, पण बारीक अक्षरात.

हा नियम कशासाठी?

शिकवणे पुस्तकावरून येत नाही, हे त्यामागचे साधे कारण. नियमित बीएड दोन वर्षांचे असते. त्यात सुमारे २० आठवडे शाळेशी संबंधित काम, वर्गासाठी ८० टक्के आणि शाळेतील आंतरवासितेसाठी ९० टक्के उपस्थिती बंधनकारक आहे. आधीपासून शिकवत असलेल्या शिक्षकाला सरावासाठी वर्ग शोधावा लागत नाही. कंपनीतला माणूस तेवढे आठवडे रजा कुठून आणणार?

तर्क पटण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम असा, की ज्याला घर चालवायचे आहे त्याने दोन वर्षे पगार सोडावा किंवा स्वप्न सोडावे. म्हणूनच ‘नॉन-अटेंडिंग बीएड’चा बाजार चालतो. समाजमाध्यमांवर त्याच्या जाहिराती उघडपणे फिरतात : परराज्यातील महाविद्यालयात प्रवेश, हजेरी कागदावर, जायचे फक्त परीक्षेला. असा प्रकार नियमांत कुठेही नाही. आणि एकाच दिवशी महाविद्यालयाच्या हजेरीपटावर सही व कंपनीच्या पगारपत्रकात, पीएफमध्ये नोंद असेल, तर कागदपत्र पडताळणीत उत्तर द्यायचे कोणी? महाविद्यालय नव्हे, उमेदवारानेच.

सवलतीच्या प्रशिक्षणाचे पुढे काय झाले?

त्यासाठी एनआयओएसचे उदाहरण पाहावे. शिक्षण हक्क कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत पात्रता मिळवण्याची मुदत मिळाली. एनआयओएसने दूरस्थ पद्धतीने १८ महिन्यांचे डीएलएड सुरू केले आणि देशभरातील १३ लाखांहून अधिक शिक्षकांनी नोंदणी केली. पुढे हे प्रमाणपत्र नव्या भरतीत चालते का, यावर वाद झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दोन वर्षांच्या डीएलएडशी समकक्ष नसल्याचे सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने स्पष्टीकरण दिले, की १० ऑगस्ट २०१७ रोजी सेवेत असलेल्या आणि मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांचे प्रमाणपत्र वैध आहे. दरम्यान कित्येकांची उमेदीची वर्षे टांगणीला लागली.

बीएड झाले की नोकरी मिळते का?

नाही. ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बीएडवर पहिली ते पाचवीला शिकवता येत नाही. तिथे डीएलएडच लागते. पहिली ते आठवीसाठी टीईटी हवी : १५० गुण, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. त्यानंतर २०० गुणांची टीएआयटी (अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) आणि ‘पवित्र’ पोर्टल. टीएआयटी दरवर्षी होत नाही. २०१७ नंतर ती थेट २०२३ मध्ये झाली, मग २०२५ मध्ये.

१ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सेवेतील शिक्षकांनाही यात ओढले. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्यांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचे आहे. त्यामुळे मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्या गुरुजींच्या टेबलावर आता पदवीच्या पुस्तकांशेजारी टीईटीचे मार्गदर्शकही आले आहे.

निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून काढावी लागतात. जानेवारी २०२३ पासूनचे मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये आहे. २५ हजारांची नोकरी सोडून येणाऱ्याने हा आकडा घरच्यांसमोर आधीच मांडावा.

पुढे दार उघडेल का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत बारावीनंतरचे चार वर्षांचे एकात्मिक बीएड ही किमान पात्रता करण्याचे म्हटले आहे. तिशीतल्या नोकरदाराला त्याचा उपयोग नाही. मात्र त्याच धोरणात दुर्गम भागातील विद्यार्थी आणि सेवेतील शिक्षक यांच्यासाठी दूरस्थ किंवा मिश्र पद्धतीच्या बीएडचाही उल्लेख आहे. अट आहे ती शाळेतील सरावाच्या भक्कम व्यवस्थेची. ‘दुर्गम भागातील विद्यार्थी’ हे शब्द २०१४ च्या पात्रता नियमांत नाहीत. नोकरी करणारा पदवीधर तर या दोन्हींत कुठेच नाही.