वेलांटी ऐच्छिक कोणी ठरवली?

पाककृतीच्या कोणत्याही मराठी पुस्तकात आधी 'साहित्य' येते आणि मग 'कृती'. चूल पेटवण्याआधी घरात काय आहे आणि काय नाही ते पाहून घ्यावे, फोडणी तडतडू लागल्यावर हिंगाची डबी शोधत फिरू नये, एवढेच त्यामागचे शहाणपण. सोर्स कोडपासून सॉफ्टवेअर कंपाईल करणारे लोकही हेच करतात. प्रत्यक्ष घडणीला हात घालण्यापूर्वी ते बहुधा 'कॉन्फिगर' नावाची आज्ञावली चालवतात. यंत्रात सी भाषेचा कंपायलर आहे का, अमुक लायब्ररी आहे का, असल्यास तिची आवृत्ती पुरेशी नवी आहे का, असे शेकडो प्रश्न ती यंत्राला विचारते आणि प्रत्येकापुढे उत्तर उमटत जाते: 'येस' किंवा 'नो'. या रूक्ष प्रश्नोत्तरांविषयी आम्हां मराठीच्या अध्यापकांना लिहावेसे का वाटावे, असे वाचक विचारतील. त्यांपैकी एका 'नो'ने आमच्या विद्यार्थ्यांच्या नावांची विटंबना केली, आणि तो 'नो' चूक म्हणून कोठेही गणला गेला नव्हता, हे त्याचे कारण.

प्रसंग साधा आहे. मराठी भाषा गौरव दिनाच्या स्पर्धांची प्रमाणपत्रे तयार करायची होती. नावांच्या यादीवरून प्रत्येकाचे प्रमाणपत्र आपोआप चितारणारे एक मुक्त सॉफ्टवेअर एका विद्यार्थ्याने प्रयोगशाळेतील जुन्या लिनक्सवर कंपाईल करून दिले. घडण निर्विघ्न पार पडली. शेवटी कोठेही त्रुटीचा संदेश आला नाही. छापून आलेल्या प्रमाणपत्रांवर मात्र 'निशिगंधा'तील दोन्ही वेलांट्या आपापल्या अक्षरांच्या मागे जाऊन बसल्या होत्या. 'शर्मिष्ठा'चा रफार डोक्यावरून उतरून पाय मोडलेला 'र' झाला होता आणि 'ष्ठ' फुटून त्याची दोन अक्षरे झाली होती. 'युनिकोडचा काहीतरी प्रॉब्लेम असेल' हा निदानाचा सार्वत्रिक मराठी मंत्र आम्हीही त्या दिवशी म्हटला. पुढे त्या विद्यार्थ्यासोबत कॉन्फिगरची सगळी नोंद ओळीने वाचली, तेव्हा मधोमध एक ओळ सापडली. तीत 'हार्फबझ'ची चौकशी होती आणि उत्तर होते 'नो'. त्यापुढची ओळ जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुढच्या लायब्ररीची चौकशी करत होती.

हार्फबझ म्हणजे काय, हे येथे सांगायला हवे. युनिकोडमध्ये देवनागरी साठवली जाते ती साधारणपणे उच्चाराच्या क्रमाने: 'नि' लिहिताना आधी 'न', मग ऱ्हस्व वेलांटी. डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसली पाहिजे. रफाराने पुढच्या अक्षराच्या माथ्यावर जायचे, जोडाक्षराने एकजीव व्हायचे, 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांतील 'र'ने दोन निराळी रूपे घ्यायची, नाहीतर स्वयंपाकी आणि गुरुजी यांची अदलाबदल व्हायची. साठवलेल्या क्रमातून हे दृश्य रूप घडवण्याच्या कामाला 'शेपिंग' म्हणतात आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ते बहुतांशी हार्फबझ करते. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, अँड्रॉइड या सर्वांत तेच आहे. त्याचे नाव फारसीवरून आले असून त्यातला 'हर्फ' म्हणजे अक्षर. रोमन लिपीचे साधे मजकूर त्याच्यावाचूनही जवळजवळ ठीक दिसतात. देवनागरीचे तसे नाही. शेपिंगशिवाय देवनागरी कुरूप दिसते असे म्हणणे पुरेसे नाही. ती देवनागरी राहतच नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ही पूर्वतपासणी यांत्रिक असते, तिच्यात मत कसले, असा समज सर्वत्र दिसतो. तो आम्हांला मान्य नाही. 1991 साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी ग्नू प्रकल्पातील साधनांसाठी जे काम सुरू केले, त्यातून 'ऑटोकॉन्फ' उभे राहिले आणि कॉन्फिगरची ही पद्धत रूढ झाली. तिच्यात प्रश्न विचारतो संगणक. पण 'नो' आल्यावर काय करायचे हे सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आधीच लिहून ठेवतो. तो तीनपैकी एक मार्ग निवडू शकतो: काम तेथेच थांबवणे, इशारा देऊन पुढे जाणे, किंवा काहीही न बोलता पुढे जाणे. कोणती वस्तू 'आवश्यक' आणि कोणती 'ऐच्छिक', हा तेथे केलेला मूल्यनिर्णयच असतो. पुरणपोळीच्या साहित्यात 'पुरण (आवडीनुसार)' असे कोणी छापले, तर आपण त्याला मुद्रणदोष म्हणून सोडून देऊ काय? मग लिपीचे रूप घडवणारी लायब्ररी 'ऐच्छिक' या सदरात मुकाट घातली जाते, तेव्हा ती तांत्रिक बाब कशी ठरते? तो निर्णय करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाचक कोण होता, हेच त्या सदरावरून कळते.

यावर पहिला आक्षेप असा की, ज्याला शेपिंग नको त्याच्यावर जास्तीचे ओझे का लादावे? छोट्या यंत्रांवर, जुन्या प्रणालींवर सॉफ्टवेअर चालावे म्हणूनच तर ऐच्छिकतेची सोय आहे. आक्षेप रास्त आहे आणि ती सोय काढून टाका असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याला वस्तू नको त्याने तसे स्पष्ट सांगावे. न सांगता ती वगळली जाऊ नये. हा काही मराठी माणसाचा हळवेपणा नव्हे. सोर्स कोडवरून सर्व काही घडवणाऱ्या 'गेंटू' या लिनक्समध्ये, यंत्रात लायब्ररी सापडली तर घ्यायची आणि न सापडली तर गुपचूप सोडायची, या रीतीला 'ऑटोमॅजिक' असे उपरोधिक नाव आहे आणि तो दोष मानला जातो. घडवणाऱ्याने काय मागितले यावर निष्पत्ती ठरावी, यंत्रात योगायोगाने काय पडले होते यावर ठरू नये, हे त्यामागचे तत्त्व.

मौन पाळणारा नकार किती महाग पडू शकतो, हे 2024 साली साऱ्या जगाने पाहिले. 'एक्सझेड' या फायली आक्रसणाऱ्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या सहलेखकाने चोरदरवाजा बसवला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला लागणारा अर्ध्या सेकंदाचा जास्तीचा वेळ खटकला आणि 29 मार्च 2024 रोजी त्याने ते उघड केले. त्या चोरदरवाजाचा एक धागा कॉन्फिगरला लागणाऱ्या फायलींतच दडवलेला होता. त्याहूनही बोलकी गोष्ट निराळी. 'लँडलॉक' ही सुरक्षेची सोय यंत्रात आहे का, हे तपासण्यासाठी लिहिलेल्या छोट्या कार्यक्रमात एका ओळीवर नुसते एक टिंब टाकलेले होते. अशा तपासणीची रीत अशी की, छोटा कार्यक्रम कंपाईल झाला तर उत्तर 'येस', न झाला तर 'नो'. त्या टिंबामुळे तो कधीच कंपाईल होणार नव्हता. म्हणजे उत्तर सदैव 'नो', आणि सुरक्षेची सोय सदैव बंद, तीही कोणतीही तक्रार न होता. एका टिंबाने अर्थ पालटतो हे आम्ही वर्गात अनुस्वार शिकवताना दरसाल सांगतो. हे उदाहरण मात्र पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही उदाहरणापेक्षा प्रखर आहे.

दुसरा आक्षेप असा की, हल्ली कंपाईल करतो कोण? सगळे तयार मिळते. पण तयार मिळणारी वस्तूही कोणीतरी, कोठेतरी कंपाईल केलेलीच असते, आणि त्याच्या यंत्राने दिलेला 'नो' हा नंतर हजारोंचा 'नो' होतो. पायथनमधील 'पिलो' या चित्रांच्या लायब्ररीचे उदाहरण पाहा. तिच्यात हार्फबझचा उपयोग करून मजकूर मांडणारी 'राक्म' ही लायब्ररी ऐच्छिक आहे. ती नसेल तर पिलो आपोआप साध्या मांडणीवर उतरते, आणि साध्या मांडणीत आमच्या निशिगंधेचे काय होते ते वर सांगितलेच. 2021 सालच्या 8.2.0 या आवृत्तीपासून पिलोच्या तयार संचात राक्म घातली गेली, ही आनंदाची गोष्ट. मात्र तिला लागणारी 'फ्रिबिडी' यंत्रावर वेगळी असावी लागते. तयार मिळणाऱ्या वस्तूलाही साहित्याची यादी चुकत नाही, ती अशी.

आणि आता थोडे आपल्या घरात पाहू. शुद्धलेखनाच्या नियमांवरून आपण वर्तमानपत्रांची पाने भरवतो, पाट्यांवरच्या मराठीसाठी मोर्चे काढतो. परंतु आपली लिपी ज्या यादीत 'ऐच्छिक' म्हणून पडली आहे, ती यादी उघडून पाहण्याचा कंटाळा करतो. ही सॉफ्टवेअरे मुक्त आहेत. त्यांचे लेखक सूचना स्वीकारतात, निदान ऐकतात. 'हार्फबझ सापडले नाही. देवनागरी, अरबी, बंगाली इत्यादी लिप्या मोडक्या उमटतील. तरीही पुढे जायचे असल्यास तसे सांगा' एवढी एक ओळ घालून तेथे थांबणे, हे लिहायला फार तर एका दुपारचे काम आहे. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. काय मोडले आहे हे ओळखणारी नजर लागते, आणि ती संगणकाच्या विभागापेक्षा मराठीच्या विभागात अधिक असायला हवी. भाषेच्या अध्यापकांनी हा आपला प्रांत नाही असे म्हणणे, हीदेखील मौनाने दिलेली 'नो'च आहे.

आमच्यापुरते आम्ही ठरवले आहे. यापुढे विभागासाठी कोणतेही सॉफ्टवेअर घडवताना कॉन्फिगरची नोंद आम्ही संहितेसारखी वाचणार, तीतील प्रत्येक 'नो'चा जाब विचारणार आणि जेथे देवनागरी ऐच्छिक ठरलेली दिसेल तेथे त्या लेखकांना लेखी कळवणार. त्या वर्षीची प्रमाणपत्रे आम्ही फाडून टाकली आणि सगळी नावे हाताने लिहून दिली. निशिगंधेच्या दोन्ही वेलांट्या जागच्या जागी आल्या. त्या हातांना कोणी 'ही वेलांटी हवी की नको' असे विचारले नव्हते.