विश्लेषण : माती की गादी? कुस्तीशौकिनांमधला वाद मिटत का नाही?

मोहोळमध्ये कुस्तीचा विषय निघाला की चर्चा फिरून जानेवारी 2023 वर येते. पुण्यात कोथरूडला झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागाच्या निर्णायक लढतीत मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातील शिरसीचा महेंद्र गायकवाड भिडले. दोघेही सोलापूर जिल्ह्याचेच. महेंद्रने बाहेरची टांग मारली, पंचांनी चार गुण दिले आणि सिकंदर हरला. त्यानंतर मोबाइलवर फिरलेल्या व्हिडीओंनी राज्यभरातील शौकिनांत उभी फूट पाडली. एका पंचाला फोनवरून धमकी आल्याचे प्रकरण पोलिसांपर्यंत गेले.

चार गुण की दोन?

वाद समजायला नियम पाहावा लागतो. प्रतिस्पर्ध्याला नुसते खाली आणून ताबा घेतला तर दोन गुण. उभ्याने डाव टाकून थेट धोक्याच्या स्थितीत नेले तर चार. धोक्याची स्थिती म्हणजे पाठ जमिनीकडे वळून तिच्याशी 90 अंशांपेक्षा कमी कोन होणे. सिकंदरची पाठ तेवढी वळलीच नव्हती, असे त्याच्या चाहत्यांचे म्हणणे. हा कोन क्षणभराचा असतो आणि कॅमेरा कुठे ठेवला आहे त्यावर तो वेगळा दिसतो. म्हणूनच दोन्ही बाजूंकडे ‘पुरावा’ होता.

जत्रेतल्या फडात हा प्रश्नच येत नाही. तिथली कुस्ती निकाली. दोन्ही खांदे टेकले की हलगी वाजते, घड्याळाचे काम नाही. महाराष्ट्र केसरीत मात्र आखाडा मातीचा असला तरी गुण आणि वेळ आंतरराष्ट्रीय पद्धतीने मोजतात. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये 30 सेकंदांची विश्रांती. जुन्या शौकिनांची खरी तक्रार इथे आहे : पाय मातीत आणि हिशेब गादीचा.

पण निकाल चितपटीने लागला म्हणून वाद टळतो, असेही नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्ध शिवराज राक्षेला चितपट ठरवले गेले. खांदे टेकलेच नव्हते, म्हणत शिवराज पंचाच्या अंगावर गेला. पुढे अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड आखाडा सोडून निघून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

केसरी एक, गदा दोन

त्यात संघटना दोन. नोव्हेंबर 2023 मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला सिकंदरने शिवराजला हरवून गदा उचलली आणि काही दिवसांतच धाराशिवच्या स्पर्धेत शिवराज विजेता ठरला. 2025 मध्येही तेच. अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला माढा तालुक्यातला वेताळ शेळके. बाजार समितीत हमाली करणाऱ्या बापाचा मुलगा सिकंदर, त्याच्या गदेचे मोल कोणी विचारू नये. पण 1961 पासून चालत आलेल्या किताबाचे वर्षात दोन मानकरी झाले, तर नोकरी, मानधन आणि इनामाच्या वेळी ‘कुठला केसरी?’ हा प्रश्न मल्लालाच ऐकावा लागणार.

वजनाचे गणित

शौकिनांच्या वादात एक मुद्दा मात्र कमी ऐकू येतो, आणि तोच जास्त महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र केसरीचा गट 86 ते 125 किलोंचा. भारताच्या पुरुष मल्लांची ऑलिम्पिक पदके पाहा. खाशाबा जाधव (1952), सुशीलकुमार (2008 आणि 2012), योगेश्वर दत्त, रवी दहिया, बजरंग पुनिया, अमन सेहरावत. यातला एकही मल्ल 66 किलोंच्या वर खेळलेला नाही. खाशाबांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला 2024 उजाडले आणि तेही नेमबाजीत.

म्हणजे माती की गादी हा वाद सुरू असताना तालमीतला 60 किलोचा पोरगा गदेकडे बघून खुराक वाढवतो आहे. त्याचे गणित चुकीचे म्हणता येत नाही. गदा, थार, गावातली मिरवणूक हे सगळे मोठ्या गटातच मिळते. 57 किलोच्या राज्य विजेत्याचे नाव किती जण सांगतील?

गादीचे समर्थक म्हणतात, बदल लहानपणीच हवा. ते बरोबर आहे, कारण फरक नुसत्या पृष्ठभागाचा नाही. मातीत लंगोट धरून घिस्सा मारता येतो. गादीवर पोशाख ओढणे हाच नियमभंग. माती पाय धरून ठेवते, गादीवर पट काढण्याचा वेग निराळा. 15 वर्षे मातीत मुरलेल्या अंगाला हे नव्याने शिकवावे लागते. पण स्पर्धेच्या मापाची गादी घ्यायची तर लाखांत खर्च, शिवाय ती अंथरायला शेड लागते. माती, तेल, ताक, हळद आणि लिंबू एवढ्यावर हौद तयार होतो, आणि जत्रा कमिट्यांचे इनाम अजून त्या मातीवरच लागते.