माळवदावरचा बर्फ

बर्फ म्हटला की आपल्याला आठवते मनाली, भाड्याने घेतलेले कोट-गमबूट आणि एकमेकांच्या अंगावर फेकलेले गोळे. त्याच मनालीच्या पलीकडे, रोहतांग खिंडीमागे लाहौल आहे. जानेवारीत रात्रभर बर्फ पडला, की तिथल्या खेड्यात सकाळची पहिली हाक चहासाठी नसते, फावड्यासाठी असते.

तिथली जुनी घरं थेट आपल्या मराठवाड्यातल्या माळवदांची आठवण करून देणारी. लाकडी तुळया, त्यांवर काटक्या आणि वर चोपलेली माती. ताजा बर्फ दिसतो पिंजलेल्या कापसासारखा. पण दहा मीटर लांब-रुंद छपरावर दीड-पावणेदोन फूट साचला, की ओझं पाच टनांच्या घरात जातं! ‘उद्या बघू’ म्हणावं आणि रात्री आणखी एक थर बसावा, तर तुळई वाकते. ती टिकली, तरी वितळलेलं पाणी मातीतून झिरपून अंथरुणावर टपकतं. म्हणून बायका-पुरुष सगळेच वर चढतात. फावडं लाकडीच हवं, लोखंडी पात्यानं मातीच खरवडून निघायची.

खाली उतरावं तर नळ गोठलेला. बर्फ वितळवून पाणी करायचं म्हटलं, तर ताज्या बर्फाच्या हंड्यातून त्याच्या दहाव्या हिश्शाएवढंच पाणी निघतं. गुरांना वैरण हवी, मधल्या खोलीतल्या तंदूरला सरपण हवं. या पत्र्याच्या शेगडीभोवती सगळं घर गोळा होतं. मीठ-लोणी घातलेला चहा फिरतो आणि बायकांच्या हातांत विणकामाच्या सुया येतात. इथल्या रंगीत नक्षीच्या लोकरी मोज्यांना २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेर सगळं ठप्प असलं, तरी बाईला सुट्टी नाहीच. (ही गोष्ट मात्र सगळीकडे सारखीच!)

पूर्वी अशा दिवशी सर्वांत मोठी धास्ती असे, ती दिवस भरत आलेल्या सुनेची. ३,९७८ मीटर उंचीची खिंड हिवाळाभर बंद. हेलिकॉप्टर उडणार की नाही, हे आभाळाच्या मर्जीवर. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि ही धास्ती बरीच कमी झाली. बरीच म्हणायचं, कारण मोठी हिमवृष्टी झाली किंवा कडे कोसळू लागले, की बोगद्यापर्यंतचा रस्ताच बंद होतो.

एवढा जाच, तरी बर्फाला कुणी शिव्या देत नाही. डोंगरापलीकडचा पाऊस इथे फारसा पोहोचतच नाही. वाटाणा-बटाट्याच्या शेतांना उन्हाळ्यात पाटानं येणारं पाणी हाच वितळलेला बर्फ असतो. डिसेंबर कोरडा गेला, जानेवारीही तसाच सरू लागला आणि फावडं कोपऱ्यात नुसतंच उभं राहिलं, की घरातली म्हातारी माणसं पुन्हा पुन्हा दारात येऊन डोंगराकडे बघून जातात.