ऑडिटची वर्गणी कोण मागणार?

मे 2021 मध्ये उल्हासनगरात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. दुसऱ्या दुर्घटनेत सात जण गेले. अंबरनाथ-बदलापूरच्या सोसायट्याही तेव्हा हादरल्या, मग विसरल्या. आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा, त्याहून जुनीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. इफ्तारची, गणपतीची वर्गणी आपण दारोदार फिरून जमवतो. ऑडिटचं नाव काढलं की "सर, पुढच्या महिन्यात बघू." हा निव्वळ कंजूषपणा नाही, असं आम्हाला वाटतं. अहवालात इमारत धोकादायक निघाली तर बायकापोरं घेऊन जायचं कुठे, ही खरी धास्ती आहे. बांधकाम अनधिकृत असेल तर पुनर्विकासही सहज होत नाही. म्हणून मालक गप्प, भाडेकरूही गप्प, आणि कमिटीत यायला कुणी तयार नाही.