आरोप एकटेपणाचा, खेळ दोघांचा

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी पालकांसाठी व्याख्यान झालं. वक्ते भारदस्त, सभागृह भरलेलं. ते सव्वा तास बोलले, आणि त्या सव्वा तासाचं सार पाच ओळींत मावतं. व्हिडिओ गेम हा प्रकारच मुळातून वाईट. तो मुलाला एकटं पाडतो, हिंसा शिकवतो, डोळे बिघडवतो. तो परका आहे, महाग आहे आणि त्यातून शिकण्यासारखं काहीही नाही. तेव्हा घरात असं यंत्र असेल तर ते आजच्या आज कपाटात कोंडा.

टाळ्या पडल्या. बाहेर पडताना ओळखीच्या एका आईनं मला विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी तर हाये ना तो खेळ? आता काय करता?" तिला मी तिथं धड उत्तर दिलं नाही. घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं. ते उत्तर आता देते.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढते. डोळ्यांचं म्हणणं खरं आहे, म्हणून वेळ बांधून द्यावी, विषय संपला. हिंसेचं म्हणाल तर ज्या खेळाबद्दल मी लिहिते आहे त्यात बंदूक नाही, रक्त नाही, शत्रूसुद्धा नाही. परकेपणाचं म्हणाल तर क्रिकेट काही वैनगंगेच्या काठावर जन्मलं नव्हतं. 'जागतिक आरोग्य संघटनेनं गेमला आजार ठरवलं आहे' हे वक्त्यांचं वाक्य मात्र सरळ चुकीचं आहे. संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे 2019 साली स्वीकारलं गेलं आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झालं, त्यात आजार म्हणून नोंद आहे ती खेळण्यावरचा ताबा सुटण्याची. बाकी सगळी कामं मागे पडतात, नुकसान दिसत असूनही खेळणं थांबत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालू राहतं, तेव्हा तो आजार. जेवणाचा विकार असतो म्हणून कुणी भाताला आजार म्हणत नाही. आपल्या संसदेनंही 2025 साली ऑनलाइन खेळांचा कायदा करताना पैसे लावून खेळायचे खेळ वेगळे काढले आणि बंदी त्यांच्यावर घातली. जुगार आणि खेळ यांतला फरक कायद्याला कळतो. व्यासपीठावरून बोलणाऱ्या माणसाला तो कळू नये याचा मला राग आहे.

आता मुख्य आरोप. वक्त्यांचा आवाज सगळ्यांत जास्त चढला तो इथंच: "पडद्यासमोर बसलेलं मूल हे जगातलं सगळ्यांत एकटं मूल आहे."

हा आरोप इतिहासाला धरून नाही. 1958 साली अमेरिकेतल्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञानं पाहुण्यांसाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा एक खेळ मांडला. त्याचं नावच 'टेनिस फॉर टू'. खेळायला दोन माणसं लागत. 1962 साली एमआयटीतल्या तरुणांनी 'स्पेसवॉर' केला, त्यात दोन यानं, दोन खेळाडू. 1972 साली अटारी कंपनीचा 'पाँग' आला. त्यात दोन फळ्या आणि मध्ये एक चेंडू. समोर जोडीदार नसेल तर त्या यंत्रात नाणं टाकून उपयोग नव्हता. म्हणजे हा प्रकार जन्मला तो दोघांचा खेळ म्हणून. मूल एकटं पडतं ते त्याच्या शेजारी कुणी बसत नाही म्हणून. शेजारी बसणं हे आपलं काम होतं, आणि ते न करता आपण दोष पडद्याला देतो आहोत.

माझ्या घरातला खेळ कोणता ते सांगते. निन्टेन्डो ही जपानी कंपनी 1889 साली क्योतोत पत्ते बनवायला लागली. दोघाचौघांनी वेढा घालून बसावं हाच तिचा पहिला धंदा. त्याच कंपनीचं 'स्विच' हे यंत्र 3 मार्च 2017 रोजी बाजारात आलं. ते हातात धरून खेळता येतं, पाठीमागचा टेकू काढून ताटाशेजारी उभंही करता येतं. त्याच्या दोन्ही बाजूंचे दांडे सुटे होतात, एक एकाच्या हातात आणि दुसरा दुसऱ्याच्या. म्हणजे पेटीतून काढल्याबरोबर ते दोघांचं असतं. त्याच दिवशी त्यावर 'स्निपरक्लिप्स' नावाचा खेळ आला. टॉम आणि ॲडम व्हियन या दोन भावांच्या लहानशा ब्रिटिश कंपनीनं तो केला. त्याच्या पहिल्या कच्च्या रूपाचं नाव 'फ्रेंडशेप्स', म्हणजे मैत्रीचे आकार, असं होतं.

खेळ असा. कागदाची दोन माणसं, स्निप आणि क्लिप. एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला सरळ, खाली दोन बारीक पाय, वर बोलके डोळे. ती चालतात, उड्या मारतात, वाकतात, स्वतःभोवती फिरतात. आणि एकमेकांवर आली की एकाला दुसऱ्याचा तेवढा भाग कापता येतो. सगळा खेळ या एका कृतीवर उभा आहे. पडद्यावर तुटक रेषांनी एक आकृती आखलेली असते. दोघांनी मिळून ती नेमकी भरायची. चेंडू उचलून जाळीत टाकायचा असतो, पण सपाट डोक्यावर चेंडू थांबत नाही. मग जोडीदारानं तुमच्या डोक्याला वाटीसारखी खोलगट जागा कापून द्यावी लागते. कुठं पेन्सिलीला टोक करायचं असतं, कुठं एकाच्या डोक्यावर उभं राहून दुसऱ्यानं वर पोचायचं असतं. काप चुकला तर एक कळ दाबायची, अंग पुन्हा अखंड. ही कोडी सोडवताना घड्याळ मागे लागत नाही.

यात कळीचं काय ते मी गणिताची शिक्षिका म्हणून सांगते. स्वतःला कापता येत नाही. तुमचा आकार बदलायची कात्री दुसऱ्याच्या अंगात आहे. त्यामुळं बोलल्याशिवाय गाडं हलत नाही. "थांब, अजून थोडी खाली ये. आता फीर. नाही, उलटी. आता काप." माझी लेक अकरा वर्षांची, भाचा नऊचा. एरवी दोघांचं दहा मिनिटं पटत नाही. दिवाळीत तो आमच्याकडे आला. पहिल्या संध्याकाळी त्यांनी एकमेकांना कापून कापून चिंध्या केल्या, हसली, भांडली. दुसऱ्या दिवशी लेकीच्या तोंडून शब्द आला, "काटकोन सोडून काप." तिरप्या कडेला तिला शाळेत कधी नाव द्यावंसं वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझी आई, वय सत्त्याहत्तर, जपमाळ बाजूला ठेवून त्यांच्या मागे बसली. दोघं एका उंचवट्यापाशी अडली होती, दोघांनाही वर आधी चढायचं होतं. आई म्हणाली, "अरे, एकानं वाकल्याबिगर दुसरा चढन कसा?" भाचा वाकला. लेक चढली. मी बावीस वर्षं वर्ग घेते आहे, सोबतीचा इतका चोख धडा मला फळ्यावर कधी देता आलेला नाही.

एका पडद्यापुढं तीन पिढ्या बसल्या होत्या. यातलं सगळ्यांत एकटं मूल कोणतं ते वक्त्यांनी मला दाखवावं.

हा वाद मला नवा नाही, म्हणूनच राग जास्त. मी लहान होते तेव्हा आमच्या झाडीपट्टीत हीच वाक्यं नाटकाबद्दल ऐकली आहेत. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार नाहीतर नाटक, पहाटेपर्यंत. वडशाहून नाटकमंडळी यायची तेव्हा एक शिस्तीचे गुरुजी वर्गात सांगत, "रातभर जागरण, दिवसा झोपा, पोरं वाया चालली." आज त्याच रंगभूमीचा सगळ्यांना अभिमान आहे, तिच्यावर पुस्तकं आहेत, सत्कार आहेत. कॅरमबद्दलही तेच. गावातल्या कॅरम क्लबच्या दारातून गेलेल्या मुलाला घरी मार पडत असे. पुढं टीव्ही आला. दर वेळी आरोप तोच, फक्त आरोपी बदलतो. आणि दर वेळी सांगणारा माणूस ती गोष्ट जवळून न बघता सांगत असतो. त्या वक्त्यांना प्रश्नोत्तरांत मी विचारलं, "आपण मुलांसोबत बसून कोणता खेळ खेळून पाहिलात?" ते म्हणाले, "त्याची गरज नाही." विस्तवात हात न घालता चटका कळतो, असा त्यांचा भाव होता. पण विस्तव कोणता आणि दिवा कोणता हे ओळखायला तरी डोळे उघडावे लागतात.

मुलांनी अंगणातच खेळावं असं कुणी म्हणेल, तर अंगणाला माझा विरोध कधीच नव्हता. माझी लेक संध्याकाळी लगोरी खेळते. पण अंगणात सगळं प्रेमानंच चालायचं ही आठवणीतली साखर आहे. लगोरीत ज्याचा नेम चुकतो त्याला घ्यायला कुणी तयार नसायचं. लिंबूटिंबू म्हणून मी दोन वर्षं काढली आहेत. आपल्या बहुतेक खेळांत कुणीतरी बाद होतं, आणि सगळ्यांत कच्चं मूल सगळ्यांत आधी. स्निपरक्लिप्सच्या कोड्यांत बाद होणं नाही. कच्चा खेळाडू मागे पडला तर पक्क्यालाही पुढं जाता येत नाही, म्हणून त्याला शिकवणं पक्क्याच्या गरजेचं होतं. एवढी एक गोष्ट मला आपल्या मैदानांवर हवी आहे.

खोट मान्य करते. हा खेळ एकट्यालाही खेळता येतो, दोन्ही माणसं आळीपाळीनं हलवून. तेव्हा त्याची मजा निम्मी होते आणि माझा युक्तिवादही. यंत्र महाग आहे, अमेरिकेत निघालं तेव्हाच तीनशे डॉलर किंमत होती. धान विकून पोट भरणाऱ्या घराला ते परवडत नाही, आणि परवडायला हवं असं मी म्हणणार नाही. फोनवरचे फुकट खेळ, जे मुलाला रात्री दोन वाजता 'आणखी एक डाव' म्हणून ओढतात, त्यांची वकिली मी करत नाही. पण मग ते नाव घेऊन सांगा. सगळ्यांना एका दोरीनं बांधू नका.

माझं मागणं लहान आहे. शाळेच्या वाचनालयात एक यंत्र असावं, शनिवारी अर्धा तास, आणि नियम एकच: एकट्यानं हात लावायचा नाही. सोबत या प्रकारचे दोनतीन खेळ असावेत. 2019 साली हॅल लॅबोरेटरीनं केलेला 'बॉक्सबॉय प्लस बॉक्सगर्ल' हा तसाच. त्यात दोन चौकोनी जीव आपल्याच अंगातून ठोकळे काढून एकमेकांसाठी पायऱ्या आणि पूल करतात. वर्गात ज्या दोन मुलांचं पटत नाही त्यांना मुद्दाम एका जोडीत बसवावं. आणि पालकांनी आठवड्यातून एकदा दुसरा दांडा हातात घ्यावा, हरायला लाज न बाळगता.

ज्यांना हे परकं वाटतं त्यांनी आपल्या शेताकडे बघावं. मामा तलावाचं, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचं, पाणी सुटतं तेव्हा ते धानाच्या वरच्या बांधीतून खालच्या बांधीत जातं. वरच्यानं आपल्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, खाच पाडू दिली तरच खालच्याची रोवणी होते. पाणी गेलं की त्याच चिखलानं खाच बुजवायची, धुरा पुन्हा अखंड. आपल्या गावांतली निम्मी भांडणं याच खाचेवरून झाली आहेत, आणि पिढ्यान् पिढ्या धान पिकलं तेही याच खाचेतून. शेजाऱ्याला आपला धुरा किती कापू द्यायचा, कुठं थांब म्हणायचं आणि काप चुकला तर पुन्हा कसा भरायचा, हे आम्हाला आमच्या बापजाद्यांनी बांधीत उभं करून शिकवलं. माझ्या लेकीच्या वाट्याला आता ना बांधी आहे ना धुरा. तिच्या हातात एक दांडा आहे, आणि दुसरा भाच्याच्या हातात. ते यंत्र मी कपाटात कोंडणार नाही.